शहराचा बेत आणि अर्धा इंच

सोमवार, २ नोव्हेंबर

ही दुकानाची मापवही आहे. मागची चाळीसेक पानं कोरी राहिलीत. आजवर या वहीत मी छाती, कंबर, बाही याखेरीज एक अक्षर लिहिलेलं नाही. पण आज असा धक्का बसलाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही. सांगण्यासारखं माणूस म्हणजे बायको, आणि धक्का तिनंच दिलाय. म्हणून ही वही.

दुपारी जेवताना ही म्हणाली, "अहो, आपण तीन दिवस शहर बघायला जाऊ या."

घास हातातच राहिला. चौतीस वर्षांच्या संसारात ही बाई बहिणीच्या गावापलीकडे गेलेली नाही. बस लागते म्हणते. बाजारात चार माणसं जास्त दिसली तरी आल्या पावली घरी परतते. आणि हिला शहर बघायचंय!

"कुठलं शहर?" मी विचारलं. जशी काही दहा शहरं ओळीनं उभी आहेत.

"मोठं," ती म्हणाली आणि मला वाढायला लागली. मला नको असताना.

मोठ्या शहरात आमचं कुणी नाही. म्हणजे एक माणूस आहे, पण त्या माणसाचं नाव या घरात नऊ वर्षं निघालेलं नाही आणि या वहीतही निघणार नाही. पोटची पोर असली म्हणून काय झालं? भर दुकानात सहा गिऱ्हाइकांसमोर तिनं माझं काम नासवलं आणि वर मलाच खोटं पाडायला निघाली. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसनं गेली ती गेली. असो. शहर केवढं, माणसं किती! कोण कुणाला भेटतंय!

"बघू," म्हणालो. माझ्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो हे हिला चांगलं ठाऊक आहे. तरी ही हसली. मला ते हसणं काही आवडलं नाही.

बुधवार, ४ नोव्हेंबर

हिनं यादी केलीय! कॅलेंडरच्या जुन्या पानामागे, पेन्सिलनं. जशीच्या तशी उतरवून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

पहिला दिवस: मोठा मनोरा (वर जायला लिफ्ट आहे). नदीतली होडी. चार वाजता नाटकघर, मागच्या दारानं.
दुसरा दिवस: शाळेसमोरची बाग. वेळ उरला तर संग्रहालय.
तिसरा दिवस: शाळेसमोरची बाग.

मी म्हणालो, "अगं, नाटकघर मागच्या दारानं कोण बघतं? आणि शाळेसमोरची बाग ही काय लांबून येऊन बघायची गोष्ट झाली? तीही दोनदा?"

"चांगली आहे म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"लोक."

कोण हे लोक, जे माझ्या बायकोशी बागांबद्दल बोलतात आणि मला दिसत नाहीत?

पण काम करायचं तर नीट करायचं. मी बेतायचा मोठा खाकी कागद टेबलावर पसरला आणि तिन्ही दिवस आखून काढले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि प्रत्येक ठिकाणाच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या तासाची शिलाईची जागा सोडली. माणूस दमतो, रस्ता चुकतो, बायकोला पाणी प्यायचं असतं. संग्रहालयाला दोन तास दिले. बाग दोन्ही दिवस काढून टाकली. चहा पिऊन परत आलो तर बाग दोन्ही दिवस जागच्या जागी. हिनं लिहिलेली, आणि संग्रहालयावरून लिहिलेली.

खरं सांगायचं तर मला मनोरा बघायचाय. चौसष्ट वर्षांचा झालो, पण तीन मजल्यांपेक्षा उंच चढलेलो नाही. हे हिला कळता कामा नये, नाहीतर 'बघू' म्हणायची सोय राहणार नाही.

शनिवार, ७ नोव्हेंबर

तिकिटं काढून झालीत! मला न विचारता! वीस तारखेची, शुक्रवारची, सकाळची बस. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला पाठवून काढली. म्हणजे आता गावभर झालं. या इस्त्रीवाल्याला सगळे वाफ्या म्हणतात, कारण त्याच्या पोटात कुठलीही गोष्ट टिकत नाही, शूं करून बाहेर येते. सकाळपासून चार जणांनी विचारलं, "काय मास्तर, शहर मारायला निघालात?"

त्यातच हिनं एक काम आणलं. पाच वर्षांच्या मुलीचा थंडीचा कोट. मापं कागदावर, हिच्याच अक्षरात.

"कुणाची पोर?"

"बहिणीच्या शेजारणीची नात. शहरात असते. जाताना देऊ."

काम मला आवडलं. लहान मुलांचं काम हल्ली येत नाही, सगळे तयार घेतात. लाल लोकरीचा एक चांगला तुकडा जपून ठेवला होता, तो काढला. पण मापं वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. 'उजवा खांदा अर्धा इंच खाली.' पाच वर्षांच्या पोरीचा! ती काय बंदरावर पोती वाहते?

"हे माप घेतलं कुणी?"

"तिच्या आईनं."

"त्या बाईला माप घेता येत नाही. पोर एका पायावर उभी असणार आणि ही टेप लावून मोकळी. शिकल्यासवरल्या बायका, पण साधं माप येत नाही."

ही उठून आत गेली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

आमच्या दुकानाचा कायदा आहे. माप चुकलं तरी खोडायचं नाही. निळ्या पेन्सिलनं वर एक रेघ मारायची आणि बरोबर ते शेजारी लिहायचं, म्हणजे उद्या कुणाचं काय चुकलं ते दिसतं. मी रेघ मारली, 'दोन्ही सारखे' असं लिहिलं, कापड दुहेरी घालून एकाच कात्रीत दोन्ही खांदे काढले. सरळ.

बुधवार, ११ नोव्हेंबर

स्वतःसाठी नवा कोट शिवायला घेतलाय. शहरात जायचं, तर शिंप्यानं शिंप्यासारखं दिसायला नको? माझा जुना राखाडी कोट बारा वर्षांचा झाला. अजून अंगावर असा बसतो की लोक वळून बघतात. बेतला मी, शिवला 'त्या' माणसानं, शिकत असताना. कबूल करतो, हात चांगला होता. पण कोट बसतो तो बेतण्यामुळे. स्वतःची मापं मला घ्यावी लागत नाहीत, चाळीस वर्षं पाठ आहेत.

आज कच्ची टीप घालून आरशासमोर उभा राहिलो आणि बघतच राहिलो. उजव्या बगलेखाली तिरकी घडी! हात वर केला, खाली केला, घडी तशीच. श्वास रोखला, घडी तशीच. मी! चाळीस वर्षं! माझ्या कोटाला घडी!

आरसा वाकडा असणार. गेल्या उन्हाळ्यात रंगवाल्यानं हलवला होता. आरसा भिंतीवरून काढून पुन्हा नीट टांगला. घडी तशीच. कापडात दोष असेल. हल्लीचं कापड म्हणजे काही विचारू नका. जाऊ दे, जुनाच घालीन.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

लाल कोट तयार झाला. हिला दाखवला. मला वाटलं, ही खूश होईल. हिनं टेप घेतली (ही! टेप!) आणि कोटाच्या खांद्यांवर ठेवली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

"इथं अर्धा इंच लिहिलं होतं ना?"

"चुकलेलं होतं. मी सुधारलं."

ही स्टुलावर बसली. आधी वाटलं, चक्कर आली. पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. फक्त म्हणाली, "परत?"

"परत म्हणजे?"

ही कोट उचलून आत घेऊन गेली. तासाभरानं बघितलं तर मांडीवर घेऊन बसली होती, घडी न घालता. एका परक्या पोरीच्या कोटावरून एवढं काय? मी बापडा चांगुलपणानं काम करून दिलं, आणि चेहरा असा की जसं मी कुणाच्या तरी पोटावर पाय दिलाय.

शनिवार, १४ नोव्हेंबर



सकाळी वाफ्याकडे पँट द्यायला गेलो. तो आपला नेहमीसारखा बडबडत होता. "मास्तर, वहिनींना आता शहराची सवय झाली असेल. तुम्ही नुसतं त्यांच्या मागं मागं चाला."

"कसली सवय? ती पहिल्यांदाच चाललीय."

वाफ्यानं इस्त्री उचलली ती उचललेलीच. मग तोंड वळवलं. मग नको इतकं खोकला. मी म्हणालो, बोल. तो म्हणाला, काही नाही. मी काउंटरवर मूठ आपटली तेव्हा शूं करून बाहेर आलं. त्यानं हिला शहराच्या बसमधून उतरताना पाहिलंय. वसंतात. आणि त्याच्या आधीच्या थंडीतही. तेव्हा ही बहिणीकडे गेली होती! बहिणीचं अंग दुखत होतं म्हणून!

मी घरी कसा आलो, आठवत नाही. माझी बायको. जिला बस लागते.

मी विचारलं. मला वाटलं होतं, ही कानावर हात ठेवील, निदान रडेल. हिनं हातातला टॉवेल नीट घडी करून ठेवला आणि सांगितलं, "हो. चार वेळा. दोन वर्षांत चार वेळा. लेकीकडे."

"माझ्या पाठीमागे?"

"तुमच्या पुढे जायची सोय कुठं होती? पत्रं बहिणीच्या पत्त्यावर येतात. ती नाटकघरात कपडे शिवते, तिच्या हाताखाली सहा माणसं आहेत. घर चौथ्या मजल्यावर आहे. जावई शांत आहे, शाळेत चित्रकला शिकवतो. आणि तुम्हाला नात आहे. पाच वर्षांची. तिचा कोट तुम्ही शिवलाय."

मला खुर्ची कुठं आहे ते दिसेना. नात. लाल लोकर. शाळेसमोरची बाग. मागच्या दारानं नाटकघर. खाकी कागदावर माझ्याच हातानं आखलेला सगळा बेत, वर अर्ध्या तासाची जागा सोडून! गेले बारा दिवस मी डोळे उघडे ठेवून मूर्ख बनत होतो.

"मी येणार नाही," मी ओरडलो. "तिकिटं फाडून टाक."

"तुमचं तुम्ही फाडा," ही म्हणाली. "मी जाणार. गेल्या खेपेला पोरीनं विचारलं, आजोबा आहेत ना, मग येत का नाहीत? मी म्हटलं, त्यांना काम असतं. आता मला दुसरं कारण सुचत नाही. खोटं बोलून बोलून माझं तोंड दुखायला लागलंय, अहो."

चौतीस वर्षांत हिनं माझ्याशी एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

सोमवार, १६ नोव्हेंबर

दोन दिवस बोलणं बंद. दुकानात बसतो, काम होत नाही. तीन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणालो.

मला राग आलाय हे खरं. पण कशाचा आलाय ते नीट सांगता येत नाही. आधी वाटलं, बायको खोटं बोलली त्याचा. मग वाटलं, पाच वर्षांची नात आहे आणि मी तिला पाहिलेली नाही त्याचा. पण मग तो राग कुणावर काढायचा?

एक मात्र ठरवलंय. जुनी वही काढायची. नऊ वर्षांपूर्वीची. माळ्यावर फितीनं बांधून ठेवलीय, तेव्हापासून उघडलेली नाही. ते पान हिच्यासमोर धरायचं. म्हणायचं, बघ, तुझ्या लेकीनं काय माप लिहिलं होतं ते बघ, आणि मग मला शिकव.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

दुपारी दुकान बंद करून वही काढली.

प्रसंग असा होता. टपाल कचेरीतले मोठे साहेब निवृत्त होणार होते. निरोपाच्या समारंभासाठी काळा कोट. माप पोरीनं घेतलं, बेतला मी, शिवला दोघांनी. साहेब घालून बघायला आले तर डाव्या बगलेखाली ही भलीमोठी तिरकी घडी. समारंभ दुसऱ्या दिवशी. साहेब असे भडकले की रस्त्यावरचे लोक थांबले. मी म्हणालो, पोरीनं माप चुकीचं घेतलंय. ती म्हणाली, "बाबा, वही बघा." एवढंच. तीनदा म्हणाली. मी वही बघितली नाही. शिंप्यानं स्वतःच्या पोरीसाठी गिऱ्हाइकासमोर वही उघडायची? मी तिची कात्री उचलली आणि दारातून रस्त्यावर फेकली. तिनं ती उचलली, पदरचा रुमाल काढून पुसली, आणि आत जाऊन सामान बांधलं.

पान सापडलं. तिचं अक्षर, बारीक आणि सरळ. 'डावा खांदा अर्धा इंच खाली.'

त्यावर निळी रेघ. शेजारी निळ्या पेन्सिलनं: 'दोन्ही सारखे.'

अक्षर माझं आहे. 'ख'चा पाय मी ओढतो तसा ओढलेला. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही.

मी पान उजेडात नेलं. दारात नेलं. चष्मा पुसला. मला आठवतच नाही रेघ मारल्याचं! आणि मग आठवलं. साहेब एका बाजूला कलून उभे राहतात, पोरीला ते कळलं नसणार, असं मनाशी म्हणालो होतो. असंच. दहा दिवसांपूर्वी लाल कोटाच्या वेळी म्हणालो अगदी तसंच.

म्हणजे नऊ वर्षं. माझी रेघ, आणि कात्री तिची फेकली.

ही दारात येऊन उभी होती. मी वही फक्त तिच्याकडे वळवली. तिनं वाचलं. मला वाटलं होतं, ही आता म्हणेल, 'बघा!' तिला म्हणायचा हक्क होता. ती म्हणाली, "चहा टाकू?"

"तुला माहीत होतं?"

"तिनं सांगितलं होतं. पण वही मी नाही उघडली. म्हटलं, कधीतरी तुम्हीच उघडाल."

मला लाज वाटतेय. हे इथं लिहून ठेवतो, कारण तोंडानं म्हणायला अजून जमत नाही.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

लाल कोटाचा उजवा खांदा उसवला. बाही काढली, बगल खाली घेतली, खांदा अर्धा इंच उतरवून पुन्हा बसवला. अडीच तास लागले. चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या मापासाठी स्वतःचं काम उसवलं नव्हतं. शेवटचा टाका हिच्याकडून घालून घेतला, मला सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांचं काहीतरी झालंय, पाणी येतं.

बारा वाक्यं पाठ केलीत. भेटल्यावर म्हणायची. खाकी कागदावर चार वाजेपर्यंतची सगळी ठिकाणं खोडली. मनोरासुद्धा. आधी मागचं दार.

आणि तिनं दार लावून घेतलं तर? ही म्हणते, नाही लावणार. पण हिला काय, ही आई आहे. कात्री हिनं फेकली नव्हती.

शनिवार, २१ नोव्हेंबर

शाळेसमोरच्या बागेत बाकावर बसून लिहितोय. बाग अगदी साधी आहे. दोन घसरगुंड्या, एक नळ, तोही गळतो. पण बघण्यासारखी आहे.

काल काय काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

बसमधून उतरलो तर शहर एवढं मोठं की मान वर करून करून दुखायला लागली. ही मात्र भराभर पुढं, इथून डावीकडे, इथून जिना, अहो तिकडे नाही! वाफ्या म्हणाला होता तसाच मी मागं मागं. चार वाजता नाटकघराच्या मागच्या दाराशी उभे. लोखंडी दार, आत भुशाचा आणि रंगाचा वास. दोन सुतार एक लाकडी सिंहासन बाहेर आणत होते.

आणि ती आली. गळ्यात टेप. ओठांत टाचणी. लहानपणी दुकानात बसून सतत तोंडात टाचण्या धरायची, म्हणून तिला टाचणी म्हणायचो. लिहिलं बघा. टाचणी. माझी टाचणी.

मला बघून जागच्या जागी थांबली. मग ओठांतली टाचणी आधी काढून कॉलरला लावली. तोंडात टाचणी असताना बोलायचं नाही, हे मीच शिकवलेलं.

"आलात," ती म्हणाली.

बारा वाक्यांमधलं एकही आठवेना. पिशवीतून जुनी वही काढली, पान उघडून पुढं केली. तिनं वाचलं. तोंडावरची रेष हलली नाही.

"मला माहीत होतं हे, बाबा. वरची ओळ माझीच आहे."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला बघायचं नव्हतं."

बरोबर होतं. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी मोठ्यांदा बोललो, दुकानात बोललो होतो तेवढ्याच मोठ्यांदा. "माप हिचं बरोबर होतं! मी रेघ मारली, मी चुकलो, आणि सहा माणसांसमोर हिच्यावर ढकललं!" सुतारांनी सिंहासन खाली ठेवलं. आतून दोन बायका डोकावल्या. एक सुतार म्हणाला, "बरं." बिचारा दुसरं काय म्हणणार?

ती रडली नाही. रडलो मी. भर रस्त्यात, या वयात. टाचणीनं मला दंडाला धरून सिंहासनावर बसवलं, कारण बसायला दुसरं काही नव्हतं.

घर चौथ्या मजल्यावर. अर्धी खोली बेतायच्या टेबलानं खाल्लेली, आणि त्या टेबलावर तीच कात्री. एका पात्याचं टोक मोडलेलं, रस्त्यावर पडल्याचं. अजून तिनंच बेतते म्हणाली. मला तिकडे बघवेना.

नात दारामागून आली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तूच का तो, ज्याला काम असतं?"

"आता नसतं," मी म्हणालो.

लाल कोट घातला. मी गुडघ्यांवर बसून बटणं लावली. बसला! खांद्यावर एक सुरकुती नाही. टाचणीनं उजव्या खांद्याच्या शिलाईवरून बोट फिरवलं आणि थांबली.

"हे उसवलंय."

"हो."

"तुम्ही?"

"मी."

तिनं माझा राखाडी कोट खुंटीला लावायला घेतला आणि हातात धरून उभी राहिली. "अजून हाच घालता?"

"नवा शिवला, पण बसेना. आरसा वाकडा झालाय."

"उजव्या बगलेखाली तिरकी घडी पडते?"

मी थक्क. ही तिथं नव्हती, कोट तिनं पाहिला नव्हता. "तुला कसं कळलं?"

तिनं मला हाताला धरून आरशासमोर नेलं आणि नातीला माझ्या शेजारी उभं केलं. "आजोबांचा खांदा बघ. आता तुझा बघ."

पोरीनं बघितलं. मीही बघितलं. दोन उजवे खांदे, एक म्हातारा, एक पाच वर्षांचा, दोन्ही अर्धा इंच खाली.

चाळीस वर्षं मी लोकांचे खांदे मोजले. माझा कुणी मोजला नाही.

"हा कोट तुम्ही बेतलात तेव्हा दोन्ही खांदे सारखेच होते," टाचणी म्हणाली. "तुम्ही घरी जेवायला गेलात तेव्हा मी उसवून उजवा खाली घेतला. म्हणून बारा वर्षं बसतोय."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर वर निळी रेघ मारली असतीत."

ही मागं स्टुलावर बसली होती. ती हसायला लागली, मग जावई, मग पोर, आपण का हसतोय हे न कळता. मी कोट हातात घेतला, तिच्या टेबलावर उलटा पसरला आणि टेप लावली. अर्धा इंच. आतल्या बाजूला बारीक टाके, तिचे, बारा वर्षं माझ्या अंगावर, आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की कोट बसतो तो माझ्या बेतण्यामुळे.

आज सकाळी तिला म्हणालो, "माझं माप घे." सरळ उभा राहिलो. मग म्हणालो, सरळ नको, आहे तसाच उभा राहतो. तिनं टेप लावली आणि या वहीत लिहिलं. मनोरा राहिलाय, उद्या नात मला घेऊन जाणार म्हणते. परतीची बस उद्या दुपारचीच आहे, पण ही म्हणते, पुढची तिकिटं वाफ्याला सांगून काढता येतील.

खाली तिच्या हातचं आहे.

छाती ३८. कंबर ३६. बाही २३॥. उजवा खांदा अर्धा इंच खाली.

मी तपासलं. बरोबर आहे.